मी शिवकन्येच्या उजव्या डोळ्यात राहते

मी एक जुनी दंडपेशी आहे. जुनी म्हणजे वीस वर्षांची. आमच्या वस्तीत एवढ्या वयाला हल्ली म्हातारपण म्हणतात. केदारखेड्याच्या शिवकन्येच्या उजव्या डोळ्यात, अगदी मागच्या पडद्यावर माझा मुक्काम आहे. अंधुक उजेड टिपायचा आणि मेंदूला कळवायचं, एवढंच माझं काम. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी वेगळ्या. साडीचं कौतुक त्यांच्या वाट्याला जातं. उंबऱ्याला ठेच लागली नाही, याचं श्रेय मात्र कुणालाच मिळत नाही.

मित्रांनो, पेशीला आपल्या घडणीचा आराखडा दोन प्रतींत मिळतो, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकीत चूक असली तर दुसरी सांभाळून घेते. आमच्या दोन्ही प्रतींत तीच चूक होती. नवल नाही. शिवकन्येची आई ही तिच्या वडिलांच्या, म्हणजे मच्छिंद्ररावांच्या, सख्ख्या मामाची मुलगी.

शिवकन्या नववीत गेली आणि दिवेलागणीला मोसंबीच्या झाडांना धडकू लागली. झाडं कालच्याच जागी होती. कमी झालो होतो आम्ही. घरच्यांनी गाजरं सुरू केली. गाजरं वाईट नसतात, पण त्यांना आराखडा वाचता येत नाही. शेवटी जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की आजार पिढीजात आहे, बरं करणारं औषध आज हाताशी नाही, तेव्हा उरलेल्या पेशी जपा. उन्हात काळा चष्मा आणि टोपी घाला, दरवर्षी दाखवा, मनाने गोळ्या घेऊ नका. आणि नात्यात लग्न करणार असाल तर आधी दोघांचं रक्त तपासा.

चष्मा आला. कापूस वेचताना शेजारच्या मीनाकाकूंनी विचारलं, "काय शिवकन्या, शूटिंगला चालली का?" चष्मा कपाटात गेला. ऊन आम्ही सोसलं.

यंदा राजूरहून नंदाबाई आत्या आल्या. त्यांना आपल्या सूरजसाठी शिवकन्या हवी होती. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क असतो. मच्छिंद्ररावांचा जीव भांड्यात पडला. मुलगी परक्या घरी दिली तर डोळ्यांचं गावभर होणार. घरातल्या घरात दिली तर झाकली मूठ. आजार ज्या वाटेने आला, त्याच वाटेने तो लपवायचं ठरलं. बैठक भर दुपारी ठेवली, कारण चार पाहुण्यांपुढे शिवकन्येने चहा सरळ आणायला हवा होता. तिने आणला.

ऐकणं आमच्या खात्यात नाही, पण कान शेजारीच असतात. सुपारी फोडायला अडकित्ता निघाला, तशी शिवकन्या म्हणाली, "आत्या, आधी माझं न् सूरजचं रक्त तपासा. मंग सुपारी फोडा."

"आगं, आमच्या पोराला बराबर दिसतं. आन् तुला कोन काय म्हणून राह्यलं? मी सांभाळीन की तुला."

"मला सांभाळाल. माझ्या लेकराला दिवेलागणीला कोन धरून आणील?"

मच्छिंद्ररावांनी पाहुण्यांकडे बघून उगाच हसून घेतलं. पाहुणे बशीतला चहा संपवू लागले.

"मामा, अडकित्ता ठिवा," सूरज म्हणाला. "मी येतो जालन्याला."

रक्त लांबच्या शहरात तपासलं गेलं. सूरजच्या एका प्रतीत तीच चूक निघाली. त्याच्या नजरेला त्याने काही होणार नव्हतं, पण या दोघांच्या दर लेकराला आजाराची निम्मी शक्यता होती. सुपारी अख्खी राहिली. आत्यांनी माहेरी येणं बंद केलं. मच्छिंद्रराव लेकीशी जेवणापुरतं बोलतात. शिवकन्येला अजून स्थळ नाही, आणि संध्याकाळचं अंगण तिला थोडं थोडं कमी दिसतं आहे.

माझंही फार उरलेलं नाही. आमच्यामागून शंकुपेशींचाही नंबर लागतो, म्हणून आमची काळजी घ्या. अंधारात अडखळणाऱ्या मुलीला धांदरट म्हणण्याआधी तिचे डोळे दाखवा. चष्म्याला हसू नका. नात्यात सोयरीक ठरवताना पत्रिकेआधी रक्त बघा. त्याने कुणी रुसेल. आत्याही रुसल्या आहेत. रुसवा आज ना उद्या निघतो, मित्रांनो. गेलेली पेशी परत येत नाही.