हवेतली कात्री

टिक, टिक, टिक. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत बटणाचा आवाज इतका तालात येत होता की स्टुलावर बसलेल्या दवाखान्याच्या समाजसेविकेने कान टवकारले. सलूनवाले काका नजर तपासायच्या यंत्राच्या पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसले होते. एका डोळ्यावर पट्टी, मुठीत बटण. घुमटात ठिपका चमकला की दाबायचं, एवढंच काम.

तपासणाऱ्या बाईंनी दिवा लावला.

"काका, ठिपका नसतानाही दाबताय. हाही रिपोर्ट वाया गेला."

"दिसलं तेव्हा दाबलं," काका म्हणाले आणि टोपी शोधू लागले. टोपी त्यांच्या डाव्या हाताशीच होती.

काकांना काचबिंदू होता. नजर कडेकडेने खाल्ली जात होती आणि गेलेली परत येणार नव्हती. किती उरलीय ते कळल्याशिवाय ऑपरेशनचं ठरेना. डॉक्टरांनी समजावून पाहिलं, लेकीने रागावून पाहिलं. काका सगळ्यांपुढे मान डोलवायचे आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. आता पाळी समाजसेविकेची होती.

दुपारी ती सलूनमध्ये गेली. पत्ता विचारावा लागला नाही. लहानपणी बाबांचं बोट धरून ती इथेच यायची. समोरासमोरचे आरसे तेच, ज्यांत आपण एकामागे एक रांगेत उभ्या दिसायचो आणि शेवटची मुलगी अगदी हिरवट. तुरटीचा नि पावडरचा वास तोच. मुलांना उंच बसवायला खुर्चीच्या हातांवर टाकायची फळीसुद्धा भिंतीला टेकून उभी. दवाखान्यात इतक्या भेटी झाल्या, पण काकांनी ओळखलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. कामात ओळखीपाळखी आणू नयेत, असं तिचं आपलं मत.

"खालून बोटभर कापा," खुर्चीत बसत ती म्हणाली.

"बायकांचे केस मी कापत नाही, ताई."

"पूर्वी माझे कापायचात."

काकांनी सवयीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोटं मागे सरकली आणि थांबली.

"दोन भोवरे," ते म्हणाले. "अगं, रडूबाई ना तू? वडील दाढी होता होता घोरायचे."

"हो."

"बरे आहेत ना?"

"गेले ते."

काकांनी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं. "गालाला खळी होती त्यांच्या. वस्तरा जपून न्यावा लागायचा," ते म्हणाले.

मग कात्री सुरू झाली. एकदा केसांत, दोनदा नुसती हवेत. टिक, टिक, टिक. काकांची ही जुनीच खोड. कात्री थांबली की हात विसरतो, म्हणायचे. समाजसेविकेने डोळे मिटून ऐकलं.

"काका, बटणाचा ताल हाच होता."

कात्री थांबली.

"ते यंत्र ठिपक्याआधी बारीक घरघरतं," काका हळूच म्हणाले. "तेही तालात. हाताला कळतं, दाबून मोकळा होतो."

"गिऱ्हाईक तुटेल म्हणून?"

"वस्तरा मी कधीच ठेवून दिलाय. लोकांना सांगतो, हात थरथरतो म्हणून. गिऱ्हाइकाचं नाही गं. मलाच ऐकायचं नाहीये, किती गेलं ते."

काकांनी उरलेले केस कापले, आरसा मागे धरला.

"सारखे झाले?"

डावीकडे चांगले दोन बोटं राहिले होते. "झाले" म्हणणं सोपं होतं. तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"डावीकडे राहिलेत, काका. बरेच."

आरसा तसाच धरून ते उभे राहिले.

"बाकीची गिऱ्हाइकं 'झाले' म्हणतात," ते म्हणाले. मग कापड झटकलं, घडी घातली. "उद्या ये म्हणावं त्या तपासणाऱ्या बाईला लवकर."

दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्या बाईंनी समाजसेविकेचे केस पाहिले, पण काही विचारलं नाही. काकांनी हनुवटी टेकवली.

"हात ऐकणार नाही माझा," ते म्हणाले. "ती घरघर आली की दाबणारच तो."

लहानपणी कानाजवळ कात्री आली की समाजसेविका भोकाड पसरायची. तेव्हा काका तिच्या कानावर तळहात ठेवायचे. ती उठून त्यांच्या मागे उभी राहिली आणि दोन्ही तळहातांनी त्यांचे कान झाकले.

"कान माझ्या ताब्यात," ती वाकून म्हणाली. "आता भ्यायचं नाही."

ते त्यांचेच शब्द होते. काकांची ताठ मान तिच्या हातांत सैलावली.

बाईंनी दिवा मालवला. यंत्र घरघरू लागलं. बाईंसमोरच्या पडद्यावर एकामागून एक ठिपके पुढे सरकत होते आणि काकांचा अंगठा बटणावर नुसता ठेवलेला होता. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, चालू द्या.

बऱ्याच वेळाने एकदा वाजलं, टिक.

मग पुन्हा काही नाही. तिने हात काढले नाहीत.