म्हशीची लस आणि दिव्यानीची लस

नागभीडच्या पानठेल्यावर जे कानावर पडेल ते गावात आणून सांगायचं, हे काम गुणवंतरावांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. पगार नव्हता, पण मान होता. शाळेत नर्स कांताबाई येणार आणि मोठ्या वर्गातल्या पोरापोरींना धनुर्वाताचं इंजेक्शन देणार, असं गुरुजींनी कळवलं, त्याच सांजेला गुणवंतरावांनी पारावर बसून निकाल दिला. धनुर्वात हे नुसतं नाव. आतून पोरींची कूस बंद करायचा सरकारचा बेत आहे. टोचलेली पोट्टी सून म्हणून कोण नेईल? पारावरच्या इसरूनं भीत भीत विचारलं, मग पोट्ट्यायले काऊन टोचून राह्यले? तर म्हणाले, कोणाले संशय येऊ नये म्हणून. एवढ्या अकलेपुढं गावानं मान डोलावली.

कांताबाई आली तेव्हा शाळेत एकटे गुरुजी होते. ती दारोदार फिरली. विळा, काटा, खिळा यांना पोरांचेच हातपाय सापडतात, असं परोपरीनं सांगितलं. गावानं तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मंगळवारी पुन्हा येते, म्हणाली.

गुणवंतरावांच्या बायकोला, वच्छलाला, त्या दिवसापासून भात गोड लागेना. तिची धाकटी बहीण कमळा अशीच होती, आज तिची लेक दिव्यानी आहे तेवढी. धान कापताना बांबूचा खुंट तिच्या पायात घुसला. जखम भरूनही आली. मग एका सकाळी तोंडच उघडेना. अंग कमानीसारखं वाकलं, दात आवळले. डोळे तेवढे सगळं पाहत होते. घरच्यांनी पुजाऱ्याला बोलावून अंगारा लावला, कोंबडं दिलं. कोंबडं पुजाऱ्याला पचलं, कमळा गेली.

वच्छलानं हे नवऱ्याला सांगून पाहिलं. तिचं आयुष्यच तेवढं होतं, असं ते म्हणाले. दुसऱ्यांचं आयुष्य किती, हे त्यांना नेहमीच पक्कं ठाऊक असायचं.

मंगळवार उजाडला. पाऊस झोडपून गेला होता, धानाच्या बांद्या काठोकाठ भरल्या होत्या. योग असा की त्याच दिवशी ढोरांचे डॉक्टर घटसर्पाची लस घेऊन आले. त्यांना कोणाच्या दारी जाऊन हात जोडावे लागले नाहीत. अख्खं गाव घोट्याएवढ्या चिखलात ढोरं धरून उभं होतं, आणि सगळ्यांत पुढं गुणवंतराव, म्हशीचा दोर हाताला गुंडाळून.

वच्छला दिव्यानीला घेऊन तिथंच आली. चारचौघांत नवऱ्यापुढं बोलायची तिला सवय नव्हती. पदर सावरून ती म्हणाली, "म्हैस घरी न्या. टोचू नका."

"काऊन?"

"टोचलं का कूस बंद होते म्हणता ना."

गुणवंतराव लोकांकडं पाहून हसले. "येडी का काय तू? गेल्या साली टोचली, अन् यंदा व्याली नाई का? न टोचता मेली तं घरात दूध कुठून येईन?"

"अन् पोरगी मेली तं?"

डॉक्टर सुई भरता भरता थांबले. इसरू आपल्या बैलाच्या शिंगाकडं असा पाहू लागला, जसं ते आजच उगवलं होतं. गुणवंतरावांनी तोंडातला तंबाखूचा खर्रा या गालातून त्या गालात सरकवला.

"कमळीचे दात चमच्यानं उघडता उघडले नाई," वच्छला आवाज न चढवता म्हणाली. "हिचं तसं मी नाई पाहणार. आमी शाळेत नर्सबाईकडे चाललो. तुमी म्हैस टोचून घ्या. दूध पायजे ना."

ती निघाली. थोड्या वेळानं इसरूची बायको सोमारी आपली दोन पोरं घेऊन मागून गेली. मग एक एक करत बाकीच्या गेल्या. गावाला धनुर्वात समजला होता असं नाही; पण गुणवंतरावांच्याच घरची पोरगी टोचून घेते, म्हणजे त्यात काहीतरी फायदा असणार, आणि तो एकट्या त्यांनीच का घ्यावा?

दुसऱ्या दिवशी दिव्यानीचा दंड सुजला, घागर उचलेना. वच्छला धानाची रोपं, पऱ्हे, काढायला बांदीत गेली होती. जन्मात पाण्याला न गेलेले गुणवंतराव घागर घेऊन बोरिंगच्या हातपंपावर उभे राहिले. बाया पदराआड हसल्या. सोमारीनं विचारलं, "भाऊ, आज तुमी?"

गुणवंतरावांनी घागर खांद्यावर चढवली, चेहरा गंभीर केला आणि गावाला नवा निकाल दिला.

"कालचं इंजेक्शन ना, बाई. पयला दिवस जड जाते आपल्याले. पण घ्या लागते."