टिंगची वाट

मी एक टॅब बोलतोय, इंग्रजी बोलायला शिकवणारा. मला मान नाही, नाहीतर ती खाली घालूनच हे सांगितलं असतं.

कारखान्यातून निघालो तो थेट एका प्रयोगात येऊन पडलो. यंत्राशी बोलून मोठ्या माणसांना इंग्रजी कितपत येतं, हे संशोधक मॅडमना बघायचं होतं. त्यांनी मला एका हॉटेलच्या धुलाईखान्यातल्या बाईंच्या हाती दिलं. बाईंना चादरींच्या वाफेतून सुटून स्वागतकक्षात बसायचं होतं. इंग्रजी जमलं तर ती जागा तुमचीच, असं मॅनेजर म्हणाला होता.

बाई मेहनती. स्वयंपाक उरकला की मला ओट्यावर डब्याला टेकवून उभं करायच्या. मी प्रश्न विचारायचो आणि मग 'टिंग' करायचो. टिंग झालं की बोलायचं. त्याआधी तोंड उघडलं की मी लाल फुली दाखवायचो. सुरुवातीला बाई घाई करायच्या, फुली पाहून ओशाळायच्या. मग त्या ओठ मिटून थांबायला शिकल्या. उत्तरं इतकी बिनचूक की मी पडदाभर चांदण्या उधळायचो.

त्यांची नणंद एकदा म्हणाली, "वहिनी, माझ्याशी बोल की कधी इंग्रजीत. मोडकंतोडकं मलाही येतं."

"तू हसशील," बाई म्हणाल्या. "हा बरा, हसत नाही."

तेव्हा मी फुशारून गेलो होतो. आता आठवलं तरी लाज वाटते.

मुलाखतीला बाईंनी मला पिशवीत घालून नेलं, आवाज बंद करून. मॅनेजरने इंग्रजीत विचारलं, इथे किती वर्षं काम करता? उत्तर बाईंना तोंडपाठ होतं, पण त्या गप्प. त्याने पुन्हा विचारलं. बाई ओठ मिटून त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या टिंगची वाट बघताहेत, हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं, आणि मी पिशवीत मुका पडलो होतो. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

पुढे मॅडम आलेख घेऊन आल्या. बाईंची रेघ सगळ्यांत उंच. माझ्याकडे चांदण्यांची नोंद होती, त्या खोलीतल्या शांततेची नव्हती. मॅडमनी मुलाखतीचं विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "टॅबचा काही दोष नाही हो. माझीच जीभ जड."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज संध्याकाळी नणंद आपणहून ओट्याशी येऊन उभी राहिली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने विचारलं, आज काय काय धुतलंस? बाई सवयीने थांबल्या. नणंदही थांबली. मग काय सुचलं कोण जाणे, तिने चमचा उचलून पेल्यावर वाजवला. बाईंना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या हसण्यातच त्यांनी उत्तर दिलं.

पुढच्या प्रश्नाला नणंदेने पुन्हा चमचा उचलला, पण तो पेल्याला लागायच्या आत बाई बोलून मोकळ्या झाल्या.

मी तिथे फुली दिली असती.

उद्या मला परत नेणार आहेत. मॅडम, मला दुसऱ्या कुणाच्या हाती दिलंत, तर जवळ एखादी नणंदही बसवा.