जोडी म्हणजे दोन

माणसाच्या अंगात कला असली की ती कुठून तरी बाहेर पडतेच. तिच्या नवऱ्याच्या अंगातली कला मागच्या खोलीत पिंजऱ्याच्या रूपाने बाहेर पडली होती. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात शिरून तारा आणि बटणं बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा पक्कड हातात घ्यायची. एकदा बाजारातून येताना त्याने बजी पक्ष्यांची जोडी आणली, एक निळा नि एक पांढराशुभ्र, आणि आता ह्यांची पिल्लं काढायची असं जाहीर केलं. तयार पिंजरा विकत घेणं म्हणजे त्याच्या हातांचा अपमान. तेव्हा पिंजरा घरीच बनणार होता.

निळ्याचं नाव पडलं साहेब आणि पांढऱ्याचं बाई. नर कोणता नि मादी कोणती हे कसं ठरलं, ते ऐकण्यासारखं आहे. निळा दांडगा, दाण्याच्या वाटीवर पहिला हक्क त्याचा, आरडाओरडाही त्याचाच. पांढरं पाखरू कोपऱ्यात गप्प बसायचं आणि निळ्याचं पोट भरलं की मग वाटीपाशी जायचं. सासूबाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "ही पांढरी मादी. बघ कशी समजूतदार आहे." झालं, निकाल लागला. ती दारात उभी राहून ऐकत होती. उपाशी बसलं की बाई ठरतं, एवढं सोपं असेल तर बघायलाच नको, असं ती मनात म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

ती स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला होती. माणसाला खुर्चीत बसवायचं, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची, भिंग बदलून पुन्हा विचारायचं. निम्मी गिऱ्हाइकं अक्षर दिसलं नाही की तक्त्यालाच नावं ठेवत. छपाई पुसट आहे म्हणत, उजेड कमी आहे म्हणत. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. दुकानात हे चालायचं, त्याचा तिला पगार मिळत होता. पण घरी यावं तर घरातही तेच गिऱ्हाईक बसलेलं असायचं.

पहिला पिंजरा त्याने भांड्यांच्या जुन्या मांडणीचा केला. त्याचं दार लागायचं, पण लागलेलं राहायचं नाही. साहेब त्याच संध्याकाळी बाहेर येऊन पडद्याच्या दांडीवर बसला आणि त्याला उतरवताना पडदा फाटला. नवरा म्हणाला, मांडणीच हलक्या प्रतीची होती. दुसरा पिंजरा बंद पडलेल्या फ्रीजच्या जाळ्यांचा. त्यात बाईचं डोकं दोन गजांमध्ये अडकलं आणि मानेला तेल लावून सोडवावं लागलं. नवरा म्हणाला, जाळ्या बनवणाऱ्यांना अक्कल नाही.

"त्यांनी त्या दुधाची पातेली ठेवायला बनवल्या होत्या," ती म्हणाली.

"तुला ह्यातलं कळत नाही," तो म्हणाला.

तिसरा पिंजरा मात्र खरंच देखणा झाला. उगाच खोटं कशाला बोला. पक्की लाकडी चौकट, बारीक चौकोनी जाळी, सरकता ट्रे, पितळी कडी. तारेच्या एकेका टोकावर त्याने कानस मारली होती, पाखराला ओरखडा उठू नये म्हणून. बाजूला अंडी घालायचं खोकं, त्याला गोल भोक, तळाशी अंडी घरंगळू नयेत म्हणून कोरलेला खळगा आणि त्यात भुसा. मग त्याने पिंजऱ्याच्या तिन्ही बाजूंनी पुठ्ठे लावले.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"त्यांना एकांत लागतो," तो गंभीरपणे म्हणाला.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. त्यांची झोपायची खोली आणि सासूबाईंची खोली यांच्यामध्ये एक प्लायवूडची फळी होती. तिकडे सासूबाईंनी कूस बदलली की इकडे कळायचं. कुणाला तरी एकांत लागतो हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसाच्या डोक्यात आलं, आणि आलं ते पाखरांवरून.

आणखी एक गंमत म्हणजे पिंजरा खोलीच्या दारातून बाहेर निघेना. आडवा करून झाला, तिरका करून झाला. दिवसभर लिफ्टच्या दारांची मापं घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराचं दार मोजलं नव्हतं. नाकापेक्षा मोती जड, असं सासूबाई पुटपुटल्या. त्यांचं नि तिचं एकमत झालं असा तो बहुधा एकमेव प्रसंग.

पिंजरा झाला, एकांत झाला, पण अंडी काही होईनात.

मग सुरू झाले उपाय, आणि उपाय सगळे बाईवर. बाईला उकडलेलं अंडं कुस्करून द्या. बाईला चोच घासायला समुद्रफेस टांगा. बाईला ऊब हवी, दिवा लावा. बाईला खोकं आवडत नसेल, दुसरं करा. नवऱ्याने दुसरं केलं, तिसरं केलं. त्या बिचाऱ्या पाखराला सकाळ-संध्याकाळ हातात धरून त्याचं पोट चाचपून झालं. साहेब वरच्या दांडीवर बसून मजेत शीळ घालायचा.

"ह्याच्याकडेही बघा की एकदा," ती एका संध्याकाळी म्हणाली.

"त्याला काय धाड भरलीय," नवरा म्हणाला. "बघ कसा ठणठणीत आहे."

हे वाक्य तिने आधी ऐकलेलं होतं. शब्द तेच, फक्त तेव्हा ते पाखराबद्दल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं, आणि डॉक्टरीणबाईंनी तिच्या जेवढ्या म्हणून तपासण्या असतात तेवढ्या केल्या होत्या. सुया झाल्या, गोळ्या झाल्या, कळवळायला लावणारी ती नळ्यांची तपासणीही झाली. कुठे काही निघालं नाही. मग डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, आता पुढे काही करण्याआधी नवऱ्याला घेऊन ये, त्यांची तपासणी साधी असते, दुखत-खुपत काही नाही. तिने घरी येऊन सांगितलं. नवरा म्हणाला, मला काय धाड भरलीय. मग म्हणाला, एवढा पिंजरा होऊ दे, जातो. पिंजरा झाला तेव्हा खोकं राहिलं होतं. खोकं झालं तेव्हा ते पाखरांना आवडत नव्हतं.

सासूबाईंनी तोवर दुसरा डॉक्टर शोधून काढला. तो नवऱ्याला बोलावतच नव्हता. पोटाला भोक पाडून आत दुर्बीण घालून बघू म्हणाला, आणि त्याने महिनाअखेरची तारीखही दिली. नवऱ्याने आईपुढे मान डोलावली. म्हणजे तिचं पोट उघडणार होतं, कारण एका धडधाकट माणसाला दवाखान्याची पायरी चढायची लाज वाटत होती. ती खूप काही बोलायची, पण बहुतेक मनातच. जिभेवर धार होती आणि तिने आजवर कापली होती ती फक्त भाजी.

त्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली जेवताना. नवरा कामावरची हकीकत सांगत होता. जोडीदाराने एका लिफ्टचं बटणांचं सगळं पॅनेल बदललं, तरी लिफ्ट हलेना, कारण तार तुटली होती वरच्या यंत्रापाशी. "मूर्ख आहे," तो म्हणाला. "फॉल्ट शोधायचा तर तारेची दोन्ही टोकं तपासायची असतात. एकाच टोकाला झोंबत बसलास तर आख्खं पॅनेल फुकट." तिने त्याच्या ताटात भात वाढला. हात थोडा थांबला, एवढंच.

दुसरी गोष्ट चहाच्या वेळची. सासूबाई पिंजऱ्यासमोर उभ्या होत्या. बाईकडे बघून त्या म्हणाल्या, "ही वांझच दिसते. कितीही करा, पालथ्या घड्यावर पाणी. पाखरवाल्याला बोलाव नि बदलून घे."

ती कपात चहा ओतत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो चिमट्याने एक तार वाकवत होता, तो वाकवतच राहिला. आई पाखराबद्दल बोलतेय, एवढंच त्याला कळलं असावं, किंवा सगळं कळून तो मूग गिळून बसला असावा. यातलं कोणतं जास्त वाईट, हे तिला ठरवता आलं नाही. चहा बशीत सांडला होता, तो तिने तसाच सासूबाईंना दिला.

रविवारी सकाळी पाखरवाला आला. पाखरं त्याने पिंजऱ्यासकट बघावीत असं नवऱ्याचं म्हणणं, आणि पिंजरा दारातून निघत नव्हता, म्हणून त्यालाच यावं लागलं. बदली द्यायला एक हिरवी मादी त्याने भोकं पाडलेल्या डब्यात आणली होती. त्याने पिंजऱ्याभोवती एक चक्कर मारली, पितळी कडी खालीवर करून पाहिली आणि म्हणाला, "काम एक नंबर आहे, साहेब. माणूससुद्धा राहील ह्यात." नवऱ्याची छाती फुगली. मग पाखरवाल्याने आत हात घातला, बाईला अलगद पकडलं आणि तिला खिडकीच्या उजेडात धरलं.

"अंडी घालत नाही ती ही?" त्याने विचारलं.

"हीच," सासूबाई म्हणाल्या. "खोट आहे हिच्यात."

पाखरवाला हसायला लागला. तो आधी हळूच हसला, मग त्याला आवरेना. "आजी, ही अंडी कशी घालेल? हा नर आहे."

साहेबाने तेवढी शीळ घातली.

"चोचीच्या वरची ही पट्टी बघा, नाकाची. निळी असली तर नर, तपकिरी असली तर मादी. पण पांढऱ्या नराची पट्टी म्हातारपणापर्यंत गुलाबी-जांभळटच राहते, तिथे फसतात लोक. हा पक्का नर आहे. दोघंही नर आहेत तुमचे."

"पण तुम्ही जोडी म्हणून दिलीत," नवरा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"जोडी मागितलीत, जोडी दिली. जोडी म्हणजे दोन," पाखरवाला म्हणाला. "नर-मादी पाहिजे असं कुठे म्हणालात? आणि हे एकमेकांना भरवतात, मान घासतात. मला वाटलं, हौस म्हणून पाळताय." चोर तो चोर, वर शिरजोर. पण त्या दिवशी तिला तो माणूस फार आवडला.

सासूबाई खुर्चीत बसल्या. पाखराला काय काय म्हणून झालं होतं, ते सगळं त्यांना एकदम आठवत असावं, कारण त्यांची नजर पिंजऱ्यावरून सुनेकडे आली आणि तिथे टिकली नाही, खाली फरशीवर गेली.

नवरा सावरला. असली माणसं फार लवकर सावरतात. "म्हणजे पिंजऱ्यात काही दोष नव्हता," तो म्हणाला. "ही हिरवी ठेवून घेऊ. आता बघ कशी पटापट अंडी होतात."

"हिरवी डब्यातच राहू द्या," ती म्हणाली.

आवाज तिचाच होता, पण तो मनातून बाहेर कसा पडला हे तिलाही कळलं नाही. पाखरवाल्याने झाकणावरचा हात काढून घेतला.

"अहो, त्या पाखराला तुम्ही अंडी चारलीत, दिवे लावलेत, पोट चाचपलंत. आईंनी त्याला वांझ म्हटलं. सगळं करून झालं, आणि नर कोण हे बघायचं राहिलं. तुम्हीच म्हणालात ना, फॉल्ट शोधायचा तर दोन्ही टोकं तपासायची? माझं टोक तपासून झालंय. महिनाअखेरीला मी त्या डॉक्टरकडे जाणार नाही. उद्या तुम्ही चला."

"लोकांसमोर काय हे," नवरा म्हणाला.

"मी तर पाखरवाला," पाखरवाला म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

नवऱ्याने आईकडे पाहिलं. आजवर तिथून त्याला सुटायची वाट मिळत आली होती. सासूबाई पदराने नाक पुसत म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? जा तिच्याबरोबर. त्या दुर्बीणवाल्याला मी कळवते, नाही म्हणून." आणि सुनेकडे न बघता त्यांनी पुढे जोडलं, "मला तरी कुठे काय दिसतंय नीट. चष्मा बदलायला झालाय."

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसली. त्याने धुतलेला शर्ट घातला होता आणि बोटाला लागलेला गंज तो अंगठ्याने घासत होता. आत बोलावणारी नर्स दारात आली. गेली कित्येक वर्षं ती हिला ओळखत होती, त्यामुळे सवयीने तिने हिच्याकडे बघून मान हलवली, "चला."

ती उठली नाही. तिने पिशवी मांडीवर नीट ठेवली आणि वाट बघत राहिली. नर्स बघतेय, समोरच्या बाकावरच्या बायका बघताहेत, हे त्याला जाणवलं तेव्हा तो उभा राहिला आणि शर्ट ओढून आत गेला.