मांडीतलं तांबं

पोलाद कारखान्याच्या भंगार-फाटकावर एकतीस वर्षं एक नाक उभं होतं. नाकामागे एक माणूसही होता, पण त्याची कोणाला फारशी गरज पडली नाही. ट्रकात कुठे तांबं दडलेलं असलं, जळकी मोटार, वायरचं भेंडोळं, गेला बाजार एखादी पट्टी, की या तपासनिसाची डावी नाकपुडी फुरफुरायची आणि पाठोपाठ शिंक. जितकं तांबं तितक्या शिंका. एकदा लागोपाठ सतरा आल्या म्हणून ट्रक उपसला, तर तळाशी अख्खा ट्रान्सफॉर्मर. ट्रकवाला म्हणाला, "हा माझा नव्हेच, वाटेत चढला असेल." पुढे कारखान्याने तपासणीचं यंत्र आणलं. ते पहिल्याच महिन्यात दोनदा चुकलं. नाक चुकलं नाही. सगळे त्यांना नाकसाहेब म्हणत.

तांब्याशी एवढं वैर असण्याचं कारण साधं. वितळलेल्या पोलादात ते एकदा मिसळलं की काढता येत नाही, आणि असलं पोलाद लालबुंद तापवून लाटायला घेतलं की त्याला चिरा पडतात. नाकसाहेबांनी असल्या चिरा पाहिल्या होत्या आणि त्या मनावर घेतल्या होत्या.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या उजव्या मांडीतली रक्तवाहिनी अरुंद झाली. चालताना पोटरी अशी आवळून यायची की वाटेत उभं राहावं लागे. डॉक्टरीणबाईंनी आत पोलादी जाळीची नळी बसवली. बसवण्याआधी नाकसाहेबांनी ती हुंगली आणि म्हणाले, "स्वच्छ माल." पाचव्या महिन्यात स्वच्छ माल बुजला. दुसरी जाळी बसली, तीही पाचव्याच महिन्यात. घरापासून कारखान्याचं फाटक दहा मिनिटांवर. आता विजेच्या खांबाशी पहिला थांबा, न्हाव्याशी दुसरा, औषधांच्या दुकानाशी तिसरा, आणि तिथून माघार.

"जाळी बसवताना वाहिनीला आतून जखम होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती भरताना तुमच्याकडे मांस भलतीकडेच वाढतं. तिसरी बुजली तर पाय वाचेल असं मी सांगणार नाही, काका."

"मग?"

"नवी जाळी आहे. अजून चाचणीतली. पोलादच, पण तांबं घातलेलं."

नुसत्या शब्दाने नाकपुडी फुरफुरली. "किती?"

"शंभरात साडेचार भाग."

"साडेचार? अर्ध्या भागासाठी मी ट्रक परत पाठवलेत, बाई. ज्याला भट्टीत पाऊल टाकू दिलं नाही, त्याला मांडीत घर देऊ? चिरा पडतील."

"तापवून लाटलं तर पडतील. तुमच्या मांडीत लाटणं कोण फिरवणार आहे?"

बायको शेजारीच बसली होती. ती हसली, आणि ते नाकसाहेबांना लागलं.

बाईंनी समजावलं. जाळीतून तांबं अगदी किंचित झिरपत राहतं. फार झालं तर विष, पण एवढंसं मिळालं तर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर जोमाने पसरतं आणि जाळी झाकून टाकतं. नको ते मांस वाढायलाही आळा बसतो. प्रयोगात तसं दिसलंय. माणसांत अजून पुरतं पाहायचंय.

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही."

"नाही."

हे उत्तर मात्र नाकसाहेबांना पसंत पडलं. एकतीस वर्षांत एकाही ट्रकवाल्याने ते दिलं नव्हतं. त्यांनी नमुन्याची जाळी मागितली, हुंगली, दोनदा शिंकले, आणि संमतीच्या कागदावर सहीच्या वर लिहिलं: माल सदोष. माझ्या जबाबदारीवर आत घेतला.

"असं लिहायचं नसतं, काका."

"मग जाळी परत न्या."

कागद तसाच फाइलला लागला.

जाळी बसली आणि त्याच संध्याकाळी शिंका सुरू झाल्या. दिवसाला शंभर-सव्वाशे. एका शिंकेत भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यावर गेलं. वरच्या मजल्यावरची बाई आपलं हादरून बंद पडलेलं घड्याळ दुरुस्तीला देऊन आली. नाकसाहेब मात्र प्रत्येक शिंकेला एक रेघ मारत होते. दुसऱ्या आठवड्यात ऐंशी, महिन्याने तीस, मग सात. एकसष्टाव्या दिवशी सकाळी एक आली, आणि त्यानंतर काही नाही.

"अस्तर पुरं झालं," त्यांनी दवाखान्यात जाऊन जाहीर केलं. "जाळी झाकली गेली."

"अस्तर शिंकांवर मोजत नाहीत," बाई म्हणाल्या. "सहाव्या महिन्यात कॅमेरा घालून बघू. तोवर गोळ्या चुकवू नका."

"गोळ्या घेतो. पण कॅमेऱ्याला मी सांगितलेलंच दिसणार."

घरी बायको म्हणाली, "अहो, तुमचं नाकच थकलं असेल. वय झालं त्याचंही."

पाय जाईल या भीतीने त्यांचं जेवण सुटलं नव्हतं. या वाक्याने सुटलं. जाळी उघडी असेल आणि नाकच मेलं असेल, तर त्या रेघांना काय अर्थ?

पाचवा महिना लागला तशी बायको त्यांना अंगणाबाहेर जाऊ देईना. "महिनाभर पायाला जपा, मग हवं तिथे भटका."

"जपून दोन जाळ्या घालवल्या," म्हणत नाकसाहेबांनी चपला चढवल्या आणि चालू लागले. बायको एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात डॉक्टरीणबाईंचा नंबर घेऊन मागोमाग.

फाटकाशी भंगाराचा ट्रक उभा होता. यंत्राचा हिरवा दिवा लागला. ड्रायव्हरने गाडी चालू केली, आणि नाकसाहेबांची डावी नाकपुडी फुरफुरली. एक. दोन. तीन.

बायको धापा टाकत पोचली. "ट्रकात आहे?"

"तळाशी, मागच्या कोपऱ्यात. तीन मोटारी."

"आणि मांडीत?"

"तिथे अस्तर आहे. साठ दिवस सांगतोय."

ती आल्या रस्त्याकडे वळून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, औषधांच्या दुकानापाशी थांबलात का?"

"नाही."

"न्हाव्यापाशी?"

"तू होतीस ना मागे."

"मी धावत होते हो. मला कुठे दिसताय तुम्ही." तिने डोळे पुसले आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "खांबापाशी तरी?"

नाकसाहेबांनी आपल्या पोटरीकडे पाहिलं. परत पाठवलेला ट्रक स्वच्छ माल घेऊन आल्यावर बघावं तसं.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "काका, बाजूला व्हा. यंत्राने पास केलंय. तुम्ही कोण?"

नाकसाहेब ट्रकच्या बरोबर पुढे जाऊन दोन्ही पायांवर सारखा भार देत उभे राहिले.

"उपस," ते म्हणाले. "सावकाश उपस. आज मी पोटरीमुळे थांबलेलो नाही."