शेताची एकादशी

मित्रांनो, सुईचे नाव काढताच तुम्ही दंड लपवता, हे मला ठाऊक आहे. पण भिऊ नका. मी एक जुनी काचेची सिरिंज आहे आणि आजवर मी कुणाही प्राण्याला टोचलेले नाही. माझे काम आहे भूमीचा निःश्वास टिपून घेणे.

ज्याने मला घडवले, त्याने माझी नळी आणि आतला दट्ट्या एकमेकांवर इतका वेळ घासला, की दोहोंमधून वाराही निसटू नये. त्या कसबावर माझी वीस वर्षे गेली. चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या एका प्रयोगशाळेत मी राहते. भाताच्या रोपांवर पारदर्शक पेटी उपडी ठेवतात. तिच्यात साचलेला वायू मी ओढून घेते आणि कुपीत सोडते.

त्या वायूचे नाव मिथेन. पाण्याखालच्या ज्या चिखलाला हवा लागत नाही, तिथे काही अतिप्राचीन सूक्ष्मजीव नांदतात. मुळे आणि पेंढा कुजून जे उरते, त्यावर ते जगतात आणि मिथेन सोडतात. भाताच्या पोकळ देठांतून तो वर येतो आणि आकाशात जाऊन पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो. त्याच मातीत दुसरेही एक कुळ आहे. ते मिथेन खाते. परंतु त्याला हवा लागते. शेत अधूनमधून सुकले, की मातीत हवा शिरते. पहिले कुळ मंदावते आणि दुसऱ्याचे फावते.

हेच प्रयोगाने दाखवण्यासाठी संशोधक कीर्तीताई नागपूरहून इथे आली. दक्षिणेला तासाभराच्या बसवाटेवर अन्नपूर्णाबाईंचे शेत होते. बाईंचे घराणे मूळचे तंजावरचे. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द असे मुरले होते, की कोणता शब्द कुठला हे त्यांनाही उमगत नसे. त्यांनी दोन वाफे दिले आणि बजावले, “एकच हंगाम देते गे. जमले नाही, तर तुझी शाळा तुजपाशी.”

एका वाफ्यात नेहमीसारखे पाणी उभे ठेवायचे आणि दुसऱ्यात मधूनमधून तोडायचे, असे ठरले. पण आरंभीच बांधावर कीर्तीताईचा पाय मुरगळला. दुसऱ्या वाफ्याचे काय करायचे, ते तिने बाईंना फोनवरच सांगितले. शेतावरचा रंगा नमुने घेई आणि कुप्यांसह मलाही डब्यात घालून बसने आणून देई.

तीन आठवडे झाले. दोन्ही वाफ्यांचा मिथेन तंतोतंत सारखा.

प्रयोगशाळेतला कौशिक मला उजेडात धरून म्हणाला, “ताई, हिचा दट्ट्या गळतोय. म्हातारीला आता पेन्शन द्या.”

“की इथली मातीच वेगळी आहे?” कीर्तीताई हळूच म्हणाली. हा हंगाम वाया गेला, तर दुसरा मिळणार नव्हता.

कौशिकने मला फुटक्या काचांच्या बादलीत ठेवले. मित्रांनो, त्या शेतात काय चालले होते, ते मी डोळ्यांनी पाहिले होते. पण सिरिंजला जीभ नसते. तिच्यापाशी असतो तो फक्त आकडा, आणि तो तर मी प्रामाणिकपणे देऊन चुकले होते.

सायंकाळी कीर्तीताईने मला बादलीतून उचलले. माझ्यात हवा भरली, टोक बंद केले, मला पाण्यात बुडवले आणि दट्ट्या दाबला. एकही बुडबुडा आला नाही.

“ही खोटं बोलत नाहीये,” ती म्हणाली. “मग मलाच जाऊन बघायला हवं.”

दुसऱ्या सकाळी लंगडत ती बांधावर पोहोचली. दोन्ही वाफे काठोकाठ भरलेले.

“बघ गे,” अन्नपूर्णाबाई अभिमानाने म्हणाल्या, “तुझ्या शब्दाबाहेर एक दिवस गेले नाही. मोटर थांबू दिली नाही.”

“आक्का, मी तर पाण्याचा ताण द्या म्हटलं होतं.”

“तेच गे. पाणी तान. पाणीच, दुसरे काही नको म्हणून. शेणखतही घालू दिले नाही.”

तमिळमध्ये ‘तान’ म्हणजे आपला ‘च’. कीर्तीताईने कपाळाला हात लावला आणि बांधावरच बसून हसू लागली. “आक्का, ताण म्हणजे तहान. शेताला थोडी तहान लागू द्यायची.”

बाईंचा चेहरा उतरला. “भाताला तहान? लेकराला कोणी उपाशी ठेविते?”

“तुम्ही एकादशी करता ना?”

“करिते. आईच्या मागे धरली ती.”

“मग शेतालाही करू द्या. ही भोकांची नळी मातीत रोवते. आतलं पाणी वीतभर खाली गेलं, की द्वादशीचं पारणं. मोटर लावायची.”

बाईंनी वाकून एका रोपाचा देठ चाचपला. मग म्हणाल्या, “पण लोंबी पोटात धरून भात पोटरीला आल्यावर नाही हो. गर्भारणीला एकादशी नसते.”

“तेच मी सांगणार होते, आक्का.”

“तू सांगणार होतीस. मज ठाऊक होते,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी रंगाला हाक मारली, “मोटर निरुत्तु.” मोटर थांबली.

त्या वाफ्याचा मिथेन तीन आठवड्यांत निम्म्याहून खाली आला. आकडा मीच आणला आणि या वेळी दट्ट्याचे नाव कुणी काढले नाही. कापणीला दोन्ही वाफ्यांचे भात सारखेच भरले. अन्नपूर्णाबाई मूठभर दाणे तळहातावर तोलून म्हणाल्या, “पुढल्या वर्षी सगळे शेत एकादशी करील.”

कौशिकने माझ्यासाठी कापूस लावलेली नवी पेटी केली. माझा दट्ट्या तो आता स्वतः पुसतो.

मित्रांनो, जुने साधन मनासारखे बोलले नाही, तर त्याला बादलीत टाकण्याची घाई करू नका. मातीही जुनीच आहे आणि तिलाही जीभ नाही. तिचा एखादा आकडा तुम्हांला खोटा वाटला, तर पाय दुखत असला तरी एकदा बांधापर्यंत चालत जा.