पुठ्ठ्याचं पाऊल

आमच्या गावात देव जागोजागी टेकलेले आहेत. टेकडीवर भीम झोपला म्हणून खळगा पडलेली शिळा आहे, वळणावर हनुमंताच्या उडीची खूण आहे आणि ओढ्याच्या दोन्ही काठांवर सीतामाईची पावलं आहेत. वनवासात ओढ्याला पूर आला तेव्हा तिनं उजवा पाय अलीकडच्या दगडावर रोवला आणि डावा एकदम पलीकडे टाकला, असं सांगतात. पलीकडचं पाऊल आडबाजूला आहे, ते ठसठशीत राहिलं. अलीकडचं लोकांनी पाणी घालून घालून झिजवलं. त्यात माझाही तांब्या आहेच.

माझा नेम साधा आहे. उठल्यापासून मौन. ओढ्याचं तांब्याभर पाणी पावलावर घालायचं, मग तोंड उघडायचं, मग चहा. लग्न होऊन आले तेव्हापासून हा नेम मोडलेला नाही. घरात आता कुणाला त्याचं काही वाटत नाही. धाकटी जाऊ तर म्हणते, "ताईंशी भांडायचं असेल तर पाणी घालायच्या आत भांडून घ्यावं."

तिचा नवरा, माझे धाकटे दीर, गवंडीकाम करतात. हात चांगला, पण मनात आलं की करून मोकळं व्हायचा स्वभाव. एकदा जेवताना मी सहज बोलून गेले की पाऊल आता बोटांना लागतच नाही, पाणी नुसतं दगडावर पडतं. भाऊजींनी ते मनात धरलं. गावच्या पुजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "कर बाबा, पण नीट कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढ्यावर गेले तर भाऊजी दगडापाशी उभे. केसांत पांढरी पूड, हातात छिन्नी.

"वहिनी, बघा."

मी वाकले. पाऊल रेखीव होतं, टाच गोल, पाची बोटं सुबक. अंगठा मात्र उजव्या बाजूला होता. मी स्वतःच्या उजव्या पायाकडे बघितलं. पुन्हा दगडाकडे. सीतामाईचे दोन्ही पाय डावे झाले होते.

"कसं झालंय?"

बोलायचं तर आधी पाणी घालायला हवं. आणि पाणी घातलं, की ते पाऊल मी मानलं. मी तांब्या धरून तशीच उभी राहिले.

"गहिवरून आलं ना?" भाऊजी म्हणाले. "मला वाटलंच होतं."

भरलेला तांब्या तसाच घरी आणून ओट्यावर ठेवला. यांनी तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहाखालचा गॅस बंद केला. मग कागद-पेन्सिल पुढे केली. मी मान हलवली. लिहून बोलायचं तर मौन कशाचं? मी ओढ्याकडे बोट दाखवलं, तशी जाऊ उठून बघायला गेली.

परत आली तोवर भाऊजीही घरी आले होते. दारातूनच नवऱ्याला म्हणाली, "अहो, सीतामाई लंगडी घालत गेली का वनवासात?"

"काय झालं?"

"तो पाय डावा आहे."

"उजवा आहे. पुठ्ठ्यावर पाय आखून, कापून, तो दगडावर ठेवून केलंय. उजवाच आखलाय."

"कुणाचा?"

भाऊजी केसांतली पूड झटकायला लागले.

"कुणाचा पाय आखलात?"

"तुझा. चपलेचं माप म्हणून घेतलं होतं ना, ते." मग म्हणाले, "पुठ्ठा उलटा पडला असेल."

जाऊ खाली बसली. "म्हणजे उद्यापासून सगळं गाव माझ्या पाया पडणार. ताईसुद्धा. अहो, कुठे फेडू मी हे? पुसून टाका."

"देवाचं पाऊल पुसू? हात झडतील माझे. आणि वहिनींना आवडलंय. काही बोलल्या का त्या?"

"त्या सकाळी कधी बोलतात?"

दुपार झाली. माझं ताट झाकलेलं राहिलं, मग यांनीही आपलं झाकलं. हळूहळू घरातली सगळीच ताटं झाकलेली. भाऊजी दोनदा उंबऱ्यापर्यंत येऊन गेले.

"एक तांब्या घाला, वहिनी. देव समजून घेतो."

देव घेईलही. पण मला ठाऊक असताना मी जावेच्या पायाला हात कसे जोडू? आणि न जोडावेत, तर या माणसानं कमरेचा काटा ढिला करून घेतला तो माझ्याच एका वाक्यापायी. एक शब्द बोलता आला असता तर समजूत घातली असती. तोच नव्हता.

ऊन उतरल्यावर मी तांब्या उचलला, मागच्या दारातला विटेचा तुकडा घेतला आणि ओढ्यावर गेले. पावलात ओली वाळू घालून विटेनं घासायला बसले. वीटच झिजत होती.

मागून भाऊजी आले, त्यांच्यामागे जाऊ.

"पाप लागेल, वहिनी."

मी पलीकडच्या काठाकडे बोट केलं. मग दगडातल्या पावलाकडे. मग जावेच्या पायाकडे. तिनं झटकन पाय साडीत ओढून घेतला.

भाऊजींनी माझ्या हातातली वीट काढून बाजूला ठेवली. "विटेनं नाही होत ते," म्हणाले आणि पिशवीतून घासायचा दगड काढून बसले. जाऊ ओंजळीनं पाणी घालत होती आणि गप्प बसवत नव्हतं तिला.

"टाच घासा अजून. एवढी रुंद नाही माझी टाच."

"आखली तेवढीच आहे."

दिवस मावळेपर्यंत बोटं गेली, टाच गेली. अंगठा तेवढा राहिला. तो फार खोल गेला होता.

"हा काढायचा तर दगड फुटेल," भाऊजी मान वर न करता म्हणाले.

मी पुढे होऊन सकाळचं पाणी ओतलं. ते नेहमीसारखं दगडावर पसरलं, थोडं अंगठ्याच्या खळग्यात साचलं. मी हात जोडले.

"भाऊजी, जेवायला चला," मी म्हटलं. "सगळे उपाशी आहेत."

"रागावला नाहीत ना?"

"माझ्यासाठी एवढं कोण करतं? पण यापुढे आधी विचारा. आणि विचाराल ते पाणी घालून झाल्यावर."

खळगा अजून आहे. पुजारी विचारणाऱ्याला खरं ते सांगतात, पण विचारतो कोण? परवा सकाळी मी तांब्या घेऊन पोचले तेव्हा बाहेरगावची एक बाई नातीला सांगत होती की इथे सीतामाईनं कळशी टेकवली. भाऊजी पायरी बसवत होते. त्यांचे कान लाल झाले. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "हो ना हो?" मी मौनात.

भाऊजींच्या हाताशी असलेली जाऊ पुढे झाली. "कळशीच असेल, मावशी," म्हणाली. "पाय नाही, एवढं मी शपथेवर सांगते."